तेवीस जागा, पाच दिवस आणि सासूबाईंचे गुडघे

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पुण्याच्या एका वाचक भगिनी दिवाळीच्या सुटीत, म्हणजे नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, पूर्ण पाच दिवस माल्टाला जाणार आहेत. सोबत नवरा, अकरा वर्षांची मुलगी, इतिहास शिकवून निवृत्त झालेले ७२ वर्षांचे सासरे आणि गुडघेदुखी असलेल्या ६८ वर्षांच्या सासूबाई. ज्येष्ठ दोघंही शाकाहारी. नवऱ्याने इंटरनेटवरून तेवीस ठिकाणांची यादी केली आहे आणि तीन दिवसभराच्या सहली आरक्षितही केल्या आहेत: बोटीने गोझो आणि कोमिनो ही शेजारची बेटं एकाच दिवसात, बसने ‘एका दिवसात माल्टा’, आणि सिसिली या इटालियन बेटावरचा एटना ज्वालामुखी. उरलेले दोन दिवस गाडी भाड्याने घ्यायची. सासूबाई म्हणतात, “तुम्ही फिरा, आम्ही हॉटेलवर बसू.” बाई लिहितात, “बेट एवढंसं आहे, दोन दिवसांत बघून होईल असं सगळे म्हणतात. मग काही गाळलं तर इतके पैसे घालून जाऊन चुकल्यासारखं होईल. आणि आई-बाबांना हॉटेलवर बसवून फिरणंही मनाला पटत नाही. काय करू?”

---

तुमच्या पत्रात तेवीस जागांची नावं आहेत, प्रत्येकीपुढे लागणारा वेळ लिहिला आहे. त्यातली कुठली जागा कोणाला, का बघायची आहे, हे मात्र कुठेच नाही. सासऱ्यांनी जन्मभर इतिहास शिकवला. त्यांना काय बघावंसं वाटतं हे कोणी विचारलेलं पत्रावरून तरी दिसत नाही. सासूबाईंनी ‘हॉटेलवर बसू’ असं म्हटलं ते हीच यादी ऐकून. वेगळा बेत त्यांच्यापुढे ठेवला तर उत्तरही वेगळं येईल, असं मला मनापासून वाटतं. म्हणून आधी बेताकडेच बघू.

‘बेट एवढंसं आहे’ हे खरं आहे. मुख्य बेट जेमतेम २७ किलोमीटर लांब आणि साडेचौदा किलोमीटर रुंद. गोझो आणि कोमिनो धरून सगळा देश ३१६ चौरस किलोमीटरचा. पण ही लहानशी बेटं युरोपातल्या अगदी दाट वस्तीच्या प्रदेशांपैकी आहेत, आणि रस्ते अरुंद. राजधानी व्हॅलेटाहून गोझोच्या फेरीचा धक्का जिथे आहे त्या चिरकेव्वाला जायला बसने सव्वा तास सहज लागतो, गर्दीच्या वेळी त्याहून जास्त. नकाशावर बोटभर दिसणारं अंतर प्रत्यक्षात अर्धी सकाळ खातं.

दुसरी अडचण उजेडाची. इंटरनेटवरचे बहुतेक बेत उन्हाळ्यातल्या प्रवाशांनी लिहिलेले असतात. जूनमध्ये तिथे सूर्य रात्री सव्वाआठनंतर मावळतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, त्यामुळे तुम्ही असाल तेव्हा सूर्यास्त संध्याकाळी पाचच्या सुमारास होईल. म्हणजे दिवसाचा उजेड साडेदहा तासांचा, जूनपेक्षा चार तासांनी कमी. संग्रहालयं आणि प्राचीन मंदिरंही साधारण पाचलाच बंद होतात, आणि शेवटचा प्रवेश त्याच्या अर्धा तास आधी. यादीतला ‘दुपारी ४ ते ७’ असा रकाना तुमच्या आठवड्यात अस्तित्वातच नाही.

आता तिन्ही सहली एकेक करून.

एटनाची सहल रद्द करा. या सहलीत पहाटे पाचच्या आसपास हॉटेल सोडावं लागतं, वेगवान बोटीने पावणेदोन तासांत सिसिलीतल्या पोझ्झालो बंदरावर उतरायचं, मग बसने लांबचा प्रवास, आणि परतायला रात्र होते. बस डोंगरावर सुमारे १,९०० मीटरपर्यंत चढते. तिथे नोव्हेंबरात बोचरी थंडी असते आणि शिखर अनेकदा ढगात असतं. समुद्र खवळलेला असेल तर बोटीचा प्रवास पोटावर येतो. दिवसाचे दहाहून जास्त तास नुसते बसण्यात जातात. सिसिली आठवडाभर मुक्काम करून बघण्यासारखी आहे. एवढ्या धावपळीत ती तुमच्या वाट्याला फारशी येणार नाही.

गोझो-कोमिनो एकत्र ही सहल उन्हाळ्यात ठीक असते, कारण कोमिनोचं आकर्षण म्हणजे ब्लू लगूनच्या निळ्या उथळ पाण्यात डुंबणं. (तिथली गर्दी आवरण्यासाठी २०२५पासून आधी ऑनलाइन वेळ आरक्षित करावी लागते, हे उन्हाळ्यात जाणाऱ्या वाचकांनी लक्षात ठेवावं.) नोव्हेंबरात पाणी गार असतं, बेटावर आडोसा जवळजवळ नाही, आणि बोटीतून खडकावर उतरणं सासूबाईंच्या गुडघ्यांना झेपणारं नाही. त्यात गोझोला उरतात तीन-चार तास. कोमिनो गाळा, गोझोला पूर्ण दिवस द्या.

‘एका दिवसात माल्टा’ची बस वाईट नसते. मार्गदर्शक असतो, बसायला मिळतं. पण पन्नास जणांच्या गटाच्या चालीने चालावं लागतं, आणि ज्या व्हॅलेटाला निदान एक दिवस हवा तिला दीड तास मिळतो. मी ही पण सोडेन. बऱ्याच सहली आदल्या दिवसापर्यंत पूर्ण पैसे परत देतात, काही तीन दिवस आधीपर्यंतच. आरक्षणाची अट आजच वाचून मुदत कॅलेंडरमध्ये टाका.

तिन्ही सहली गेल्या तर मोकळे झालेले दिवस कसे भरायचे? सगळ्यात आधी एक तिकीट काढा आणि बाकीचं वेळापत्रक त्याच्याभोवती बसवा. ते तिकीट म्हणजे पाओला गावातलं हाल साफ्लिएनीचं हिपोजियम. खडकात खाली खाली कोरत नेलेलं हे तीन मजली भूमिगत दफनस्थान. पहिल्या कोरीवकामाला आज सहा हजार वर्षं झाली असावीत. १९०२ साली घरांचं बांधकाम चालू असताना ते सापडलं. श्वासातल्या ओलाव्याने आणि कार्बन डायऑक्साइडने भिंतींवरची गेरूची चित्रं खराब होतात म्हणून दिवसाला फक्त ८० माणसांना आत सोडतात, एका वेळी दहा. तिकिटं काही आठवडे, मोसमात काही महिने आधी संपतात. व्हिसा मिळाल्यावर बघू म्हणाल तर बहुधा हुकेल. सहा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही, फोटो काढू देत नाहीत, आणि आत जिने आहेत.

म्हणजे सासूबाई तिथे जाऊ शकणार नाहीत. पण त्यासाठी त्यांनी हॉटेलवर बसायची गरज नाही. हिपोजियमपासून चालत दहा मिनिटांवर तारशीनची मंदिरं आहेत, त्याच प्राचीन काळातली. तिथे दगडांच्या वरून फिरवणारी सपाट चालवाट आहे. चौघांनी हिपोजियम बघायचं की तिघांनी, हे सासरे ठरवतील. उरलेल्यांनी तोवर तारशीन बघावं. आणि हिपोजियममध्ये सापडलेली, हाताच्या तळव्यात मावेल एवढी ‘निद्रिस्त स्त्री’ची मृण्मूर्ती व्हॅलेटाच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे, तीही सगळ्यात सपाट रस्त्यावर. तीच मूर्ती सासूबाई निवांत उभ्या राहून बघू शकतील.

व्हॅलेटा चढउतारांची आहे, पण कोणत्या बाजूने शिरायचं हे कळलं तर तिच्यातला मोठा भाग पायऱ्या न चढता बघता येतो. शहर एका डोंगरधारेवर वसलं आहे. मधला रिपब्लिक स्ट्रीट धारेवरून जातो, आडव्या गल्ल्या दोन्ही बाजूंना पायऱ्यांनी समुद्राकडे उतरतात. बसस्थानक शहराच्या दरवाज्याबाहेर, धारेच्याच उंचीवर आहे. म्हणून बसने किंवा टॅक्सीने दरवाज्यापाशी उतरा. पलीकडच्या स्लीमा गावाहून येणारी छोटी फेरी फार सुरेख आहे, पण तिच्या धक्क्यावरून शहरात यायला उभा चढ आहे. ती परतताना घ्या, तेव्हा उतरण मिळते. आणि तेही गुडघे बरे असतील तरच, कारण दुखऱ्या गुडघ्याला उतरणही चढाइतकीच नडते.

सकाळी पहिलं सेंट जॉन को-कॅथीड्रल. बाहेरून किल्ल्यासारखं रुक्ष आणि आत सगळीकडे सोनेरी कोरीवकाम. जमीन म्हणजे तेव्हा माल्टावर राज्य करणाऱ्या सेंट जॉन पंथाच्या शेकडो ख्रिस्ती सरदारांच्या रंगीत संगमरवरी थडग्यांची फरशी, म्हणून टोकदार टाचांच्या चपला आत चालत नाहीत. खांदे झाकलेले हवेत. इटालियन चित्रकार काराव्हाज्जोने १६०८ साली रंगवलेलं सेंट जॉनच्या शिरच्छेदाचं भलंमोठं चित्र इथेच आहे, त्याने सही केलेलं एकमेव. आणि ती सही त्याने चित्रातच सांडलेल्या रक्तात रंगवली आहे. मुलीला ती शोधायला सांगा. श्रवणमार्गदर्शक तिकिटातच मिळतो. रविवारी पर्यटकांना प्रवेश नसतो, तेव्हा हा दिवस रविवार सोडून ठेवा.

तिथून पावणेबारापर्यंत अपर बराक्का बागेत पोहोचा. बाराच्या ठोक्याला खालच्या तटावरून तोफ उडते. वरच्या कठड्यावरून ती फुकट दिसते आणि बसायला बाकही आहेत. समोर ग्रँड हार्बर. सासऱ्यांसाठी ही जागा फार मोलाची आहे. १५६५ साली ऑटोमन आरमाराने याच बंदराला वेढा घातला होता. तो उठल्यावर पुढच्याच वर्षी, १५६६मध्ये, सरदारांचा प्रमुख ला व्हॅलेट याच्या नावाने हे शहर बांधायला घेतलं. आणि ज्याचा मुंबईशी धागा जुळतो असा प्रसंग १८७८चा: रशिया-तुर्कस्तान संघर्षात वजन टाकण्यासाठी ब्रिटिश पंतप्रधान डिझरायलीने सुमारे ७,००० हिंदी सैनिक मुंबईहून जहाजांनी माल्टात आणले. नातीला हे तिथेच उभं राहून आजोबांनी सांगावं.

बागेतूनच ५८ मीटर उंचीची लिफ्ट थेट बंदरावर उतरते. तिचं शुल्क नाममात्र आहे आणि शंभरावर पायऱ्या वाचतात. खाली थोडं चाललं की पलीकडच्या ‘तीन शहरां’ची फेरी, किंवा दायसा ही छोटी पारंपरिक होडी. त्यांतल्या बिरगूच्या धक्क्यावर सपाट फिरता येतं, जेवता येतं. परत त्याच वाटेने, त्याच लिफ्टने. या एका दिवसात सासूबाईंना क्वचितच जिना लागेल.

गोझोला जायचे दोन मार्ग. चिरकेव्वाची मोठी फेरी सुमारे २५ मिनिटांत पोहोचवते. जाताना तिकीट मागत नाहीत, ते गोझोहून परततानाच घेतात, त्यामुळे खिडकी शोधत बसू नका. दुसरी व्हॅलेटाच्या त्याच लिफ्टखालून सुटणारी वेगवान फेरी, साधारण ४५ मिनिटं, २०२१पासून सुरू. सव्वा तासाची बस वाचते म्हणून ती तुम्हाला सोयीची, पण खराब हवेत ती लवकर बंद पडते. मोठी फेरी बराच वारा सोसते. इम्जारच्या धक्क्यावर उतरल्यावर बसच्या वेळा जुळवण्यापेक्षा ड्रायव्हरसह सहा आसनी गाडी चार-पाच तासांसाठी ठरवा. भाव आणि थांबे गाडीत बसण्याआधी पक्के करा.

आधी जिगान्तिया, पाच हजार पाचशे वर्षांपूर्वीची मंदिरं, इजिप्तच्या पिरॅमिडांच्याही आधीची. मग व्हिक्टोरिया या गोझोच्या मुख्य शहरातला तटबंद बालेकिल्ला, आणि शेवटी द्वेइरा. तुमच्या यादीत पंधराव्या क्रमांकावर ‘अझूर विंडो’ आहे. तो खडकाचा कमान-दरवाजा ८ मार्च २०१७ रोजी वादळात समुद्रात कोसळला. जुन्या याद्या आणि फोटो अजून फिरत असतात. द्वेइराला तरीही जा: खडकातल्या भुयाराने समुद्राशी जोडलेलं छोटं सरोवर आहे, आणि समुद्र शांत असेल तर होडी त्या भुयारातून बाहेर नेते. चारच्या आत धक्क्यावर परत या, नाहीतर अंधारात बसची रांग नशिबी येते.

समुद्राचे बेत तारखेला नाही, वाऱ्याला बांधा. माल्टी माणसं वाऱ्याच्या दिशेवर दिवस ठरवतात आणि तुम्हीही ठरवू शकता, रोज रात्री फोनवर उद्याची दिशा बघून. वायव्येचा वारा असेल तर उत्तरेकडची बाजू आणि गोझोची खाडी खवळते, पण दक्षिणेची ब्लू ग्रोटो ही निळी गुहा आडोशाला राहते. आग्नेयेचा असेल तर उलट: ब्लू ग्रोटोच्या होड्या बंद आणि गोझो बरा. ईशान्येचा ग्रिगाल वारा थेट ग्रँड हार्बरच्या तोंडावर येतो. त्या दिवशी वेगवान फेरी आणि दायसा विसरा आणि आतल्या भागात जा. आग्नेय वाऱ्याचं माल्टी नाव मराठी कानाला ओळखीचं वाटेल: श्लोक. मार्साश्लोक या कोळ्यांच्या गावाचं नाव त्यावरूनच आलं. मार्सा म्हणजे बंदर. ही भाषा मूळची अरबी वळणाची, रोमन लिपीत लिहिली जाणारी. ‘दुनिया’ आणि ‘किताब’ यांची भावंडं तिथल्या पाट्यांवर मुलीला सापडतील.

मार्साश्लोकचा रविवारचा बाजार तुमच्या यादीत दुसरा आहे. पण तो मुख्यतः मासळीबाजार आहे, दाटीवाटीचा, आणि दुपारी परतीच्या बस भरून जातात. शाकाहारी ज्येष्ठांना घेऊन तो कशासाठी? नाळेवर डोळे रंगवलेल्या लुत्सू होड्या बघायच्या असतील तर कुठल्याही इतर दिवशी सकाळी तासभर जा. होड्या त्याच असतात आणि धक्का मोकळा.

दक्षिणेच्या दिवशी हाजर-ईमची मंदिरं आणि ब्लू ग्रोटो जोडून होतात. हाजर-ईम तंबूसारख्या छताखाली आहे, चालणं सोपं. तिथून इम्नाइद्राचं दुसरं मंदिर समुद्राकडे अर्धा किलोमीटर उतारावर आहे, म्हणजे परतताना तेवढाच चढ. सासूबाई हाजर-ईमपाशी थांबल्या तर फार काही हुकत नाही. ब्लू ग्रोटोच्या होडीसाठीही तीव्र उतार उतरावा लागतो. वरच्या रस्त्यावरच्या सज्जातून गुहेची कमान चांगली दिसते. होडी घ्यायचीच तर सकाळी, तेव्हा ऊन पाण्यात शिरतं आणि निळा रंग उठतो. दुपारी इम्दिना: तटबंदीतलं जुनं राजधानीचं शहर, गाड्या मोजक्याच, गल्ल्या चालायला सोप्या. वाटेत मोस्ताचं घुमटाचं चर्चही लागू शकतं. ९ एप्रिल १९४२ रोजी प्रार्थनेसाठी माणसं जमलेली असताना तिथे बॉम्ब घुमट फोडून आत पडला आणि फुटला नाही. सासऱ्यांना ते दाखवाच.

गाडीबद्दल. माल्टात वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात, त्यामुळे तुमच्या यजमानांना गाडी चालवणं जमेल. अडचण पार्किंगची आहे. पांढऱ्या रेषांची जागा सगळ्यांसाठी, हिरवी रहिवाशांसाठी, पिवळी म्हणजे थांबूच नका. व्हॅलेटात गाडी नेण्याचं शुल्क कॅमेऱ्याने वसूल होतं. शिवाय चालवणाऱ्याचा दिवस आरशांतच जातो. मी बस आणि अ‍ॅपवरची टॅक्सी यांचा मेळ घालेन. बोल्ट आणि ईकॅब्ज दोन्ही चालतात. फक्त साध्या टॅक्सीत चारच प्रवासी बसतात आणि तुम्ही पाच आहात, म्हणून दर वेळी मोठ्या गाडीचा पर्याय निवडा. बसला थांब्यावर हात दाखवावा लागतो. बस भरलेली असेल तर ती थांबत नाही, म्हणून शक्यतो पहिल्याच थांब्यावरून चढा. एक तिकीट दोन तास चालतं, मधे बस बदलली तरी.

पोटाचं फार अवघड नाही. पास्तित्सी ही पापुद्र्यांची पेस्ट्री रिकोटा चीज किंवा वाटाण्याचं सारण भरून मिळते, आणि वाटाण्यात बहुधा करी पावडर असते; सासूबाईंना चव परकी वाटणार नाही. पण काही बेकऱ्या पिठात डुकराची चरबी घालतात. विकत घेण्याआधी स्पष्ट विचारा, इंग्रजी सगळीकडे चालतं. बिगिल्ला हा बाकल्याच्या दाण्यांचा चटणीसारखा पदार्थ पावाला लावून खातात. फ्तीरा या गोल पावात ट्यूना मासा असतोच असं धरून चाला आणि तो वगळायला सांगा. भाज्यांच्या सूपमध्येही मांसाचा रस्सा नाही ना, हे विचारा.

मुक्कामासाठी व्हॅलेटाच्या दरवाज्याजवळचं, लिफ्ट असलेलं हॉटेल शोधा. जुन्या घरांत केलेल्या बऱ्याच सुंदर निवासांत लिफ्ट नसते, आणि खोली तिसऱ्या मजल्यावर निघते. आरक्षण करताना लेखी विचारा. ६० वर्षांवरच्यांना सरकारी वारसास्थळांवर सवलत आहे. पासपोर्टची प्रत जवळ ठेवा. अनेक स्थळांचा एकत्रित पास परवडतो, पण त्यात हिपोजियम येत नाही. विजेची खाच ब्रिटिश पद्धतीची, तीन चौकोनी पिनांची असते. भारतातली गोल पिन बसत नाही, तेव्हा दोन अडॅप्टर इथूनच घ्या. नोव्हेंबरात अचानक जोराची सर येते, आणि पावसाने चुनखडीची फरशी घसरडी होते. सासूबाईंचे बूट पकड असलेले हवेत, नवे नकोत.

व्हिसा शेंगेन. अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांआधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी द्यावाच लागतो. दिवाळीच्या तोंडावर भेटीच्या वेळा भरतात म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच करा. ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे, आणि ज्येष्ठांच्या विम्यात आधीपासूनच्या दुखण्यांबद्दल काय लिहिलं आहे ते नीट वाचा.

एवढं जमलं की पाच दिवस असे पडतात: हिपोजियम-तारशीनचा एक, व्हॅलेटाचा एक, वारा बघून गोझो आणि दक्षिणेचा प्रत्येकी एक. पाचवा राखीव ठेवा. वाऱ्याने एखादा बेत उधळला तर तो तिथे सरकतो. नाही उधळला, तर त्या दिवशी कुठे जायचं हे सासूबाईंना निवडू द्या. आज संध्याकाळी यादी बाजूला ठेवून दोघांना या जागांचे फोटो दाखवा, आणि हिपोजियमची तिकिटं तीन काढायची की चार, हे आधी सासऱ्यांना विचारा.